हिरव्या इमारतीचं वय

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली. उपनगरांतल्या कुठल्याही जुन्या गल्लीत आज एखाद्या तरी सोसायटीभोवती पत्र्याचं उंच कुंपण दिसतं. आत सत्तर-ऐंशीच्या दशकातली चार मजली इमारत पाडली जात असते. बाहेरच्या फलकावर वीस मजल्यांचा मनोरा आणि त्याच्याभोवती दाट झाडी रंगवलेली असते. पर्यावरणस्नेही घरबांधणी म्हटलं की आपल्याला कोकणातलं चिऱ्याचं किंवा मातीचं घर आठवतं. मुंबईकराच्या वाट्याला घर बांधण्याची संधी येते ती मात्र बहुधा पुनर्विकासातच. म्हणून हा प्रश्न इथे ठरतो तो सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत. अशा एका सभेच्या तयारीत असलेले मामा-भाची पुढे बोलत आहेत. मामा निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर, मुलुंड पूर्वेच्या १९८२ सालच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आणि पुनर्विकासाच्या बाजूचे. भाची आर्किटेक्ट, बोरिवलीची, पाडापाडीच्या विरोधातली. दोघंही कल्पित आहेत, भांडण मात्र घरोघरचं आहे.

भाची : मामा, टेंडरं आली ना? बघू दे. कार्पेट, कॉर्पस, भाडं, शिफ्टिंगचा खर्च... पर्यावरणाचा रकाना कुठे आहे?

मामा : आहे की, शेवटच्या पानावर. हरित इमारतीचं आयजीबीसी गोल्ड प्रमाणपत्र, सोलर, पर्जन्यजल संधारण, सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी. आणखी काय हवं तुला?

भाची : हे सगळं मनोरा ठरल्यावर त्याला लावायचं सामान झालं. मनोरा हवा का, हा प्रश्न त्याच्या आधीचा. तुमची इमारत उभी आहे. तिच्यातलं सिमेंट भाजून झालंय, सळई वितळवून झाली आहे. तो धूर चाळीस वर्षांपूर्वीच हवेत गेला. ती पाडली की तो वाया गेला, आणि नव्यासाठी त्याच्या कितीतरी पट धूर पुन्हा सोडायचा.

मामा : आकड्यांत बोल. भाषण सभेत कर.

भाची : टनभर सिमेंटमागे साधारण अर्धा ते पाऊण टन कार्बन डायऑक्साइड. त्यातला निम्म्याहून जास्त भट्टीच्या इंधनाचा नाहीच, तो चुनखडी भाजताना तिच्यातूनच सुटतो. म्हणजे उद्या भट्टी सौर विजेवर चालवली तरी तो थांबणार नाही. टनभर सळईमागे दोन टनांहून जास्त. आणि जेवढी उंची वाढेल तेवढी चौरस फुटामागची सळईही वाढते. हे तूच मला शिकवलंस.

मामा : शिकवलं खरं, वारा आणि भूकंप दोन्ही उंचीबरोबर महागतात. पण मुंबईचा वातावरण कृती आराखडा वाचलास का? मार्च २०२२ मध्ये महापालिकेनं काढला. शहराच्या उत्सर्जनापैकी ७२ टक्के वाटा इमारती आणि उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा, त्यातही मुख्यतः विजेचा. म्हणजे खरा धूर लोक राहायला आल्यानंतरचा. नवी इमारत वीज वाचवणारी बांधली तर दोष कुठे राहिला?

भाची : त्या हिशेबात सिमेंट दिसणारच नाही, कारण ते मुंबईत भाजलं जात नाही. ते चंद्रपूरला भाजतात. गडचांदूर, आवारपूरच्या भट्ट्यांचा धूर तिथल्या नावावर चढतो आणि इमारत मात्र मुलुंडला उभी राहते. शहराची वही कोरी राहिली म्हणून खर्च झालाच नाही, असं कसं म्हणायचं?

मामा : बरं, हा मुद्दा दिला तुला. आता माझा ऐक. तू ज्या इमारतीला वाचवायला निघालीस ती कशाची आहे? त्या वेळच्या, म्हणजे १९७८ च्या मानकात एम-१५ दर्जाचं काँक्रीट चालत होतं आणि स्लॅबच्या सळईवर १५ मिलिमीटरचं कव्हर. आज तेच मानक किनाऱ्यालगतच्या तीव्र हवेसाठी एम-३० आणि ४५ मिलिमीटर मागतं. वाळू तेव्हा खाडीची. धुऊन वापरायची असते हे सगळ्यांना ठाऊक, पण धुतो कोण? मिठातलं क्लोराइड सळईला भिडलं. सळई पिळलेली, टॉर स्टीलची, म्हणजे गंजायला आणखी तयार. गंजलेली सळई फुगते आणि कव्हरचं काँक्रीट फोडून बाहेर येते. आणखी एक. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, आणि कॉलम-बीमच्या सांध्यांत रिंगा कशा घालाव्यात हे सांगणारं आयएस १३९२० त्याच साली आलं. आमच्या इमारतीत ते कुठून असणार?

भाची : दोष खरे आहेत. पण ते तुमच्या इमारतीत किती आहेत, हे कुणी तपासलं? स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मी पाहिला. सोळा फोटो, एक हातोडीची चाचणी आणि खाली सही. काँक्रीटचे कोअर नमुने काढलेत का? सळई कुठे गंजते आहे हे सांगणारी हाफ-सेल चाचणी केली का? फिनॉल्फ्थॅलीन फवारलं का? ताज्या फोडीवर ते मारलं की शाबूत काँक्रीट गुलाबी होतं, हवेनं मारलेलं तसंच राहतं. सळईपर्यंत गुलाबी रंग आहे की नाही, एवढं कळायला हजारो रुपये लागत नाहीत.

मामा : तो रिपोर्ट तोकडा आहे, मान्य. आपल्याकडे तीस वर्षं झालेल्या इमारतीला महापालिका कायद्याच्या ३५३-ब कलमाखाली ऑडिट सक्तीचं. बहुतेक सोसायट्या ते कागदापुरतं उरकतात, आणि काहींना तर ‘सी-१’ शेरा हवाच असतो. ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडा. तो आला की विरोध करणाऱ्यांची तोंडं बंद.

भाची : मग पहिली गोष्ट पूर्ण चाचण्यांची. ‘सी-१’ निघाली तर मी गप्प बसेन. ‘सी-२-बी’ निघाली, म्हणजे न पाडता, रिकामी न करता दुरुस्ती होण्यासारखी, तर दुरुस्तीचं एस्टिमेटही टेंडरांच्या शेजारी सभेपुढे यायला हवं.

मामा : दुरुस्ती! चाळीस वर्षांत किती वेळा केली असेल, मोजणं सोडलं. दर वेळी बांबूचे पहाड, वर्गणीवरून भांडणं, आणि चार पावसाळ्यांत पोपडे परत खाली. ते सिमेंटही भट्टीतूनच येतं ना? नाकापेक्षा मोती जड.

भाची : पोपडे परत का पडतात, तेही सांग ना. गंज न घासता वरून प्लास्टर थापतात म्हणून. गच्चीचा कोबा गळका, संडासाचे पाइप गळके, बाल्कन्या बंद करून आत घेतलेल्या, एसीचं पाणी भिंतीवर. पाण्याचा उगम तसाच ठेवून त्याची खूण तेवढी पुसायची, आणि म्हणायचं दुरुस्ती टिकत नाही. आधी गळती बंद करा. मग सळई उघडी करून घासा, जिथे निम्मी खाल्ली गेली आहे तिथे नवी जोडा, पॉलिमर मॉर्टर भरा, कमजोर कॉलमला जॅकेटिंग करा. अशी इमारत आणखी वीस-पंचवीस वर्षं जाते. नव्या इमारतीच्या तुलनेत त्याला लागणारं सिमेंट अगदी थोडं.

मामा : आणि २५ जुलै २०१७ विसरलीस? घाटकोपरची सिद्धी साई. चार मजले बसले, सतरा माणसं गेली. मी सेक्रेटरी आहे, पोरी. रात्री पावसात वरून धप्प असा आवाज आला की माझी झोप उडते.

भाची : ती भीती खोटी नाही. पण तिथे संशय कशावर होता? तळमजल्यावर चाललेल्या तोडफोडीवर. चार मजल्यांचं ओझं पेलणाऱ्या ठिकाणी हात घातला गेला. त्यातून धडा घ्यायचा तर फेरफारांवर नजर ठेवा. तुमच्या तळमजल्यावरच्या दोन दुकानांनी मधली भिंत काढली, तेव्हा कमिटीनं ड्रॉइंग मागितलं होतं का?

मामा : ... नाही मागितलं. बरं, पुढचा प्रश्न. चौथ्या मजल्यावर गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या बाई राहतात. लिफ्ट नाही. तुझं कार्बनचं गणित त्यांना कसं समजावू?

भाची : जिन्याच्या बाजूला बाहेरून लोखंडी सांगाड्याची लिफ्ट लावता येते. उपनगरांत अशा किती जुन्या इमारती आहेत, तू पाहिल्या आहेस.

मामा : पाहिल्या आहेत, आणि ती लिफ्ट जिन्याच्या मधल्या वळणावर थांबते, तिथून अर्धा जिना चढायचा, हेही पाहिलं आहे. असो. आता माझा खरा मुद्दा ऐक. तू फक्त आमच्या वीस कुटुंबांचा विचार करते आहेस. या जागेवर उद्या चौसष्ट कुटुंबं राहतील. ती चव्वेचाळीस जास्तीची कुटुंबं इथे राहिली नाहीत तर कुठे जातील? बदलापूरला, विरारला, टिटवाळ्याला. तिथे शेतं आणि डोंगर कापून नवे रस्ते, नव्या जलवाहिन्या, नवी गटारं. इथे स्टेशन चालत दहा मिनिटांवर. शाळा आहे, दवाखाना आहे, बाजार आहे. शहर जागच्या जागी दाट करणं हेच सगळ्यात मोठं पर्यावरणस्नेही काम. आपल्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. आडवं पसरायचं म्हटलं तर कुणाच्या अंगावर पसरणार?

भाची : याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. दाट शहर हवं, हे खरंच आहे. पण ही चव्वेचाळीस घरं कोण घेणार? बदलापूरला जाणारं कुटुंब मुलुंडच्या नव्या मनोऱ्यातला दोन-अडीच कोटींचा फ्लॅट घेत नाही. जो घेतो त्याच्याकडे गाडी असते. म्हणून तर तुझ्या टेंडरात तीन मजल्यांचं पोडियम पार्किंग आहे. स्टेशनजवळचं घर म्हणून त्याचं कौतुक करायचं, आणि त्याच घरासाठी गाड्यांचे तीन मजले बांधायचे.

मामा : पार्किंग दिलं नाही तर फ्लॅट विकला जात नाही. शिवाय विकास नियमावलीतच ठरलेलं आहे, किती आकाराच्या घराला किती गाड्या.

भाची : नियमावली किमान सांगते. बिल्डर कमाल देतो. त्या पोडियमचं काँक्रीट माणसांच्या एकाही खोलीच्या कामी येत नाही. आता गच्चीचा हिशेब करू. सध्याची गच्ची किती?

मामा : तीनशे वीस चौरस मीटर. वीस घरं. म्हणजे घरटी सोळा.

भाची : नवी?

मामा : चारशे धर. चौसष्ट घरं. घरटी... सव्वासहा.

भाची : म्हणजे टेंडरातलं सोलर आणि पर्जन्यजल दोन्ही घरटी निम्म्याहून खाली आले. किलोवॉटभर पॅनलला दहा चौरस मीटर जागा लागते. टाक्या, लिफ्टची खोली आणि सावली वगळून अर्धी गच्ची वापरात येते असं धर. जुन्या इमारतीवर सोळा किलोवॉट बसतील. दिवसाला किलोवॉटमागे चार युनिट, वर्षाला तेवीस हजारांच्या वर. एक पंप, जिन्याचे दिवे आणि उद्या लिफ्ट लावलीत तर तीही, एवढं सगळं त्यात भागून वर वीज उरेल. केंद्राच्या सूर्यघर योजनेत २०२४ पासून गृहनिर्माण संस्थांना सामायिक विजेसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदानही आहे. नव्या गच्चीवर वीस किलोवॉट बसतील, आणि खाली काय असेल? तीन लिफ्ट, बूस्टर पंप, आगीचे पंप, गाड्या वर-खाली करणारं यंत्र, पोडियममधले पंखे, एसटीपीचे ब्लोअर. तिथे ते पॅनल म्हणजे फलकावरचं चित्र तेवढं.

मामा : हं. हा भागाकार मी कधी मांडला नव्हता. पण पावसाचं तू वाढवून सांगतेस. मुंबईत पाऊस पडतो चार महिने. त्याच चार महिन्यांत तलाव भरून वाहतात. तेव्हा पाणी वाचवून काय करायचं? आणि मे महिन्यापर्यंत साठवायला टाकी केवढी लागेल?

भाची : मे महिन्यासाठी साठवायचंच नाही. पावसाळ्यात बावीसशे मिलिमीटर पाऊस धर. जुन्या गच्चीवर घरटी पस्तीस हजार लिटर, नव्या गच्चीवर पावणेचौदा हजार. तीस हजार लिटरची एक टाकी एका जोरदार दिवसात भरते. ते पाणी फ्लशला आणि गाड्या धुवायला वापरून संपवायचं, की पुढच्या पावसाला टाकी रिकामी. तू म्हणतोस ते ऑगस्टचं खरं आहे. पण जूनमध्ये तलाव तळाला असतात. २०२४ च्या जून-जुलैमध्ये दहा टक्के पाणीकपात होती ना? पाऊस पडत होता आणि नळ बारीक झाले होते. तेव्हा ही टाकी कामाची. शिवाय भरतीच्या वेळी ढगफुटी झाली तर जेवढं पाणी टाकीत अडलं तेवढं रस्त्यावर कमी.

मामा : २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता. त्यापुढे तुझी टाकी काय करणार होती?

भाची : काही नाही. तेव्हा करण्यासारखं काम मोकळ्या मातीचं होतं, आणि तीच तुम्ही घालवणार आहात. आज तुमच्या आवारात दोन आंबे, एक फणस, पाच-सहा नारळ. त्यांच्याखाली पाणी मुरतं. पोडियम कुंपणापर्यंत आलं की खाली पाणी शिरायला जागा राहत नाही. मग पोडियमवर दीड फूट माती टाकून लॉन आणि शोभेचे पाम.

मामा : त्यावर सर्वोच्च न्यायालयानं २०१३ च्या डिसेंबरमध्येच सांगितलं आहे, मनोरंजनासाठी सोडायची मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर नाही. आणि झाडं तोडायची तर १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना वेगळं संरक्षणही दिलं.

भाची : कायदा आहे. पण नकाशा काढतानाच झाड कुठे आहे हे धरलं नाही, की ते नंतर ‘आड येणारं’ झाड ठरतं. मग पुनर्रोपणाची परवानगी, आणि वर्षभरात वाळलेलं खोड.

मामा : थांब, आता मी तुला नव्या बांधकामाची बाजू सांगतो. तू ते कधी नीट मांडतच नाहीस. आज आपल्याला स्लॅग सिमेंट मिळतं. पोलाद कारखान्याची मळी दळून निम्म्या क्लिंकरच्या जागी घालतात. धूर कमी होतो, आणि क्लोराइडला ते साध्या सिमेंटपेक्षा जास्त अडवतं. म्हणजे खाडीकाठच्या इमारतीला दुहेरी फायदा. विटांऐवजी राखेचे सिपोरेक्ससारखे हलके ब्लॉक. विटेच्या एक तृतीयांश वजन, म्हणून खालचे बीम-कॉलम हलके आणि उन्हाची झळही कमी. वाळू क्रशरची. खाडी उपसायला नको. हे सगळं जुन्या इमारतीत घालता येणार नाही.

भाची : हे सगळं मला मान्य. पण टेंडरात आहे का? बघ. ‘आरसीसी भिंती, अॅल्युमिनियम शटरिंग’. म्हणजे मायवान. ब्लॉक नाहीत, वीट नाही, चारी बाजूंना काँक्रीट. आठवड्याला-दहा दिवसांना एक स्लॅब पडतो म्हणून बिल्डरला सोयीचं. पश्चिमेची भिंत काँक्रीटची असली की दुपारी तापते आणि रात्री अकरापर्यंत आत उष्णता सोडत बसते. हलक्या ब्लॉकच्या भिंतीतून जेवढी उष्णता येते त्याच्या कितीतरी पट काँक्रीटमधून येते. आणि चाळीस वर्षांनी एखादी खोली मोठी करायची म्हटली तर भिंत हलवता येणार नाही.

मामा : मायवानची गळती कमी, फिनिश चांगलं, प्लास्टर लागत नाही.

भाची : मान्य. म्हणून मी त्यावर बंदी मागत नाही. बाहेरच्या भिंतींचा हिशेब मागते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं २०१८ च्या डिसेंबरमध्ये इको निवास संहिता काढली. तिच्यात इमारतीच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा आहे, चौरस मीटरला १५ वॉट. आणि आपल्यासारख्या उष्ण-दमट हवेत उघडता येणारी खिडकी जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश हवी. स्लायडिंगची खिडकी अर्धीच उघडते, ती मोजताना अर्धीच धरायची. तुमच्या जुन्या घरात बघ. समोरासमोर खिडक्या, दोन फुटी छज्जे, गच्चीवर पांढरा चायना मोझॅक. कुणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं, पण एप्रिलपर्यंत पंख्यावर भागतं.

मामा : एप्रिलपर्यंत. मे महिन्यात तू इथे झोपून बघ. पण प्रमाणपत्रावर तुझा एवढा राग का? चेकनाका ओलांडून ठाण्यात गेलीस की एकत्रित नियमावलीत ग्रीन रेटिंगला तीन, पाच, सात टक्के जादा एफएसआय, म्हणजे जादा बांधकाम, मिळतं. सरकारचा विश्वास आहे म्हणून ना?

भाची : बक्षीस काय दिलंय ते बघ की. कमी नुकसान केल्याबद्दल जास्त बांधायची मुभा! प्रमाणपत्र वाईट नाही, मामा. निदान कुणीतरी कागद तपासतो. पण ते इमारत उभी राहताना मिळतं. त्यानंतर एसटीपी कोण चालवतं? विजेचं बिल आलं की सोसायटीच ब्लोअर बंद करते आणि सांडपाणी सरळ गटारात. एसटीपी, यंत्र-पार्किंग, कंपोस्टिंग मशीन. हे सगळं तुमच्या मेंटेनन्समध्ये येणार आहे. तो आकडा टेंडरात आहे?

मामा : कुणीच देत नाही. आणि डेब्रिजचं काय म्हणतेस? सोळाशे चौरस मीटर बांधकाम, मीटरला टनभर धर, सोळाशे टन. शंभरेक डंपर. पूर्वी हे रात्री खाडीत, कांदळवनात जायचं. आता २०२४ पासून दहिसरला आणि शिळफाट्याजवळ डायघरला महापालिकेसाठी प्रक्रिया प्रकल्प चालतात, रोज प्रत्येकी ६०० टनांचे. लोखंड तर आधीच जातं, सळई रोलिंग मिलला, सागवानी चौकटी ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात. पाडणारा कंत्राटदार उलट आपल्यालाच पैसे मोजतो.

भाची : लोखंड आणि सागवान विकलं जातं, कारण त्याला भाव आहे. बाकीच्यावर जबडेवालं मशीन चालवलं की काँक्रीट, वीट, टाइल, प्लास्टर सगळं एक होतं. वेगळं काढलेलं काँक्रीट खडी होतं, पेव्हर ब्लॉक होतं. मिसळलेलं डेब्रिज भरावाच्या लायकीचं राहतं. २०१६ च्या नियमांनीच सांगितलं होतं, महिन्याला ३०० टनांवर डेब्रिज काढणाऱ्यानं ते वेगवेगळं करून द्यायचं. तुमचे सोळाशे टन त्यात नक्की बसतात. आणि धूळ? ऑक्टोबर २०२३ ला महापालिकेनं पत्रे किती उंच हवेत, पाणी कसं मारायचं, डंपर कसे झाकायचे, सगळं लिहून दिलं. तरी ३० डिसेंबर २०२४ ला काय झालं? आमच्या बोरिवली पूर्वेची आणि भायखळ्याची सगळी बांधकामं हवेपायी बंद ठेवावी लागली. नियम होते आणि कामंही चालू होती, दोन्ही एकाच वेळी.

मामा : मग तुझं म्हणणं काय? एका वाक्यात सांग.

भाची : इमारत जितकी जास्त वर्षं उभी राहील तितकी ती हिरवी. आहे ती टिकवता येत असेल तर टिकवा. नाहीच टिकली, तर नवी शंभर वर्षं टिकेल अशी बांधा, कारण चाळीस वर्षांनी तीही पाडली तर आजचं स्लॅग सिमेंटही वाया. आणि मामा, ती पाडणं आजच्यासारखं फायद्याचं असणार नाही. चार मजल्यांच्या जागी सोळा आले, म्हणून बिल्डर आला. सोळांच्या जागी चौसष्ट मजले कोण बांधणार? पुढच्या पिढीला पुनर्विकासाची ही लॉटरी लागणार नाही. त्यांना फक्त दुरुस्तीच करावी लागेल.

मामा : ... हा मुद्दा मात्र सभेत सांगायला हवा. सगळे गृहीत धरून बसलेत की चाळीस वर्षांनी नातवंडांना पुन्हा फुकट घर मिळेल. पण मी तुझ्याइतका पुढे जाणार नाही. माझं मत आजही पुनर्विकासाचंच आहे. एम-१५ आणि खाडीची वाळू घेऊन मी वीस कुटुंबांची जबाबदारी आणखी पंचवीस वर्षं वाहू शकत नाही. मात्र पूर्ण चाचण्या करून घेईन. त्या सांगतील तसं.

भाची : आणि चाचण्यांनी पाडा म्हटलं तर अटी कधी घालणार? नकाशा पास झाल्यावर? वरातीमागून घोडं.

मामा : डेव्हलपमेंट अॅग्रीमेंटच्या मसुद्यात. सांग, मी लिहून घेतो. पण ज्या अटीनं कार्पेट कमी होईल ती सभेत पडेल, हे लक्षात ठेव.

भाची : पहिली, काँक्रीटचा टिकाऊपणा. स्लॅग सिमेंट, एम-३० किंवा वर, कव्हर ४५ मिलिमीटर, आणि कव्हर प्रत्येक स्लॅबआधी आपल्या माणसानं मोजायचं.

मामा : कार्पेट कमी होत नाही. चालेल. उलट मीच उभा राहीन मोजायला.

भाची : दुसरी, पाडताना आधी दारं-खिडक्या-टाइल हातानं काढायच्या, काँक्रीट वेगळं, विटा वेगळ्या, आणि प्रक्रिया प्रकल्पाच्या पावत्या सोसायटीला द्यायच्या. तिसरी, पश्चिम आणि दक्षिणेला ब्लॉकची भिंत, खिडकीवर छज्जा, बाजूला उघडणाऱ्या खिडक्या, आणि १५ वॉटच्या मर्यादेचं गणित कागदावर.

मामा : छज्जा ठीक. मायवानमध्ये ब्लॉक घालायचे तर बिल्डर दर वाढवून मागेल. तरी लिहितो.

भाची : चौथी, पोडियम कुंपणापर्यंत न्यायचं नाही. पूर्वेची पट्टी, आंबे-फणस जिथे आहेत तिथली, मातीची राहील. पाचवी, पावसाच्या पाण्यासाठी फ्लशला वेगळा पाइप. तो नंतर घालता येत नाही. सहावी, पाच वर्षांचा मेंटेनन्सचा अंदाज, एसटीपी आणि पार्किंगच्या यंत्रासकट. सातवी, गाड्या नियमावलीच्या किमान संख्येइतक्याच.

मामा : सातवी पडणार. चौथीही पडेल बहुतेक, कारण पट्टी सोडली की पंधरा-वीस गाड्या जातात. आणि समज सगळ्या मंजूर झाल्या, तरी ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळाल्यावर बिल्डर फिरकला नाही तर काय करणार? नवे फ्लॅट घेणाऱ्यांना रेरा कायदा आहे, पाच वर्षं दोषांची जबाबदारी आहे. आपल्याकडे आपण केलेला करारच.

भाची : मग करारालाच दात लाव. सहकार कायद्याच्या ७९-अ कलमाखालच्या निर्देशांप्रमाणे बिल्डरनं प्रकल्प खर्चाच्या वीस टक्क्यांची बँक गॅरंटी द्यायची असते ना?

मामा : असते. आणि बहुतेक सोसायट्या ती ओसी आली की सोडून देतात.

भाची : एक भाग अडकवून ठेव. पावसाच्या टाकीचा पाइप चालतो आहे, एसटीपी एक पूर्ण पावसाळा चालला, मेंटेनन्स सांगितलेल्या आकड्याच्या आत आहे, झाडं जिवंत आहेत. हे तपासून झाल्यावरच ती गॅरंटी मोकळी करायची. रेटिंगच्या पाटीपेक्षा याला बिल्डर जास्त घाबरेल.

मामा : हे जमण्यासारखं आहे. कारण यात सभासदाला काही सोडावं लागत नाही, फक्त बिल्डरला उशिरा पैसे मिळतात. सभेत हात वर होतील.

भाची : आणि स्वयंपुनर्विकास? २०१९ च्या सप्टेंबरच्या शासन निर्णयानं सोसायटीला स्वतः बांधायची वाट दिली आहे. तसं केलं तर किती मजले चढवायचे हे विकणारा नाही, तुम्ही ठरवाल. सोळाऐवजी दहा मजल्यांत खर्च निघत असेल तर दहाच बांधा.

मामा : वीस घरांच्या सोसायटीत कर्ज, कंत्राटदार, आर्किटेक्ट, लेखापाल सगळं सांभाळायला चार माणसं लागतात. आत्ता मी एकटा आहे आणि अध्यक्ष अमेरिकेत मुलाकडे. तू येशील का?

भाची : फी न घेता येईन. पण दहा मजल्यांचा पर्याय मी सभेत मांडणार, आणि तू मला मध्येच थांबवायचं नाहीस.

मामा : मांड. मी तुझ्या विरोधात बोलणार. दहा मजल्यांत प्रत्येक सभासदाचं जास्तीचं कार्पेट साठ-सत्तर चौरस फुटांनी कमी होईल, हे मी त्यांना आकड्यासकट सांगेन. लपवणार नाही.

भाची : लपवू नकोसच. फक्त त्याच तक्त्यात दर महिन्याचा मेंटेनन्स, घरटी गच्ची आणि डेब्रिजच्या डंपरांची संख्याही लाव. तीन टेंडरं, दुरुस्तीचं एस्टिमेट आणि स्वयंपुनर्विकास, पाच रकाने शेजारी शेजारी. कार्पेटची ओळ वाचून झाल्यावर लोक पुढच्या ओळी वाचतात की नाही, ते मग बघू.

मामा : वाचतील की नाही सांगता येत नाही. पण छापील तक्ता हातात असला की निदान विचारतील. चाचण्यांचा रिपोर्ट आल्याशिवाय सभा लावत नाही, एवढं तुला आज देतो. सातवी अट मात्र मी टाइप करणार नाही, ती तुझी तू हातानं लिहून आण.